ब्रेक मऊ लागतोय

मला अपघात झालेला नाही.

हे आधी लिहून टाकते, कारण कोलकात्यातल्या बऱ्याच मराठी घरांत आणि बेहालातल्या आमच्या गल्लीत मी अजूनही 'ती रेसमध्ये पाठ मोडून घेतलेली' म्हणून ओळखली जाते. मी शर्यतीच्या गाड्या चालवते, आणि हौसेखातर नाही, पोटासाठी. आजवर मी गाडी भिंतीवर घातली आहे, खडीत रुतवली आहे, एकदा उलटीही केली आहे, आणि दर वेळी आपल्या पायांनी चालत बाहेर आले आहे. मला अंथरुणावर पाडलं ते गाडीनं नाही. मला टीबी झाला होता. मणक्याचा.

हा शब्द वाचून ज्यांनी पान जरा लांब धरलं असेल त्यांनी ते परत जवळ घ्यावं. खोकल्यातून पसरतो तो फुप्फुसांचा टीबी, आणि माझी फुप्फुसं स्वच्छ होती. ज्यांच्या घरात आत्ता कुणी पाठ धरून बसलं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रागानं लिहिते आहे, तेवढं चालवून घ्या.

प्रत्येक दुखण्याला गाडीत एक कारण

बाबा कस्टम्समध्ये होते. खिदिरपूरच्या गोदीवर त्यांची बदली झाली तेव्हा मी बालवाडीत होते. 'दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ' असं म्हणत म्हणत त्यांनी बेहालात फ्लॅट घेतला आणि निवृत्तही इथेच झाले. गल्लीच्या तोंडाशी दुलालदांचं गॅरेज. तरुणपणी रॅलीत गाड्या पळवलेला हा माणूस रविवारी गोदीजवळच्या एका रिकाम्या गोदामात मुलांना गो-कार्ट चालवायला शिकवायचा. गो-कार्ट म्हणजे ती बुटकी, उघडी, जमिनीला टेकून पळणारी चार चाकांची गाडी. जुन्या टायरांची वळणं मांडायची आणि मधून पळायचं. माझं सगळं शिक्षण तिथे झालं. शाळेत मी जे शिकले ते वेगळं, आणि आता आठवतही नाही.

या एवढ्या मोठ्या शहराला शर्यतीचा ट्रॅक नाही. त्यामुळे मोठी झाल्यावर मला दक्षिणेतल्या एका टीमकडे जावं लागलं. मोसमात तिकडे आणि एरवी बेहालात, असं माझं आयुष्य चालू होतं आणि चांगलं चालू होतं. त्या वर्षी मी पहिल्या तिघांत होते.

त्याच मोसमात माझं वजन उतरायला लागलं. टीममध्ये टाळ्या पडल्या. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरचं वजन म्हणजे ओझं, ते जितकं कमी तितकी गाडी हलकी. मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं की गार्गीकडून शिका जरा. मीही फुशारले. रोज संध्याकाळी अंगात कणकण असायची, पण दिवसभर भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत बसल्यावर कणकण वाटणारच की. घामानं उशी भिजायची, ते उकाड्यामुळे. पाठ दुखायची, ती सीटमुळे. आमच्या मेकॅनिकनं, मुरुगननं, माझी सीट तीनदा नव्यानं भरून दिली. आमच्या धंद्याची खोड अशी की प्रत्येक दुखण्याला गाडीत एक कारण सापडतं. आम्हाला शिकवलेलंच असतं की गाडीचं ऐका. स्वतःचं ऐका असं कुणी शिकवत नाही.

मग ब्रेकची गोष्ट सुरू झाली.

शर्यतीच्या गाडीचा ब्रेक घरच्या गाडीसारखा बोटभर दाबून भागत नाही. त्यावर जवळजवळ उभं राहावं लागतं. मला फेरीगणिक तो कमी लागत होता. "ब्रेक मऊ लागतोय," मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी दुरुस्त करतात तिथे, येऊन सांगितलं. मुरुगननं ब्रेक ऑइल बदललं. मी पुन्हा जाऊन आले आणि म्हटलं, अजून मऊच आहे. त्यानं पॅड बदलले, मग मास्टर सिलिंडर बदलला. मी त्याच्यावर आवाज चढवला. शेवटी मॅनेजरनं टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरला, अर्जुनला, माझ्या गाडीत बसवलं. दोन फेऱ्या मारून तो आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "ब्रेक तो एकदम पत्थर है."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मॅनेजर मला बाजूला घेऊन गेला. आवाज एकदम प्रेमळ. "गार्गी, घर में शादी-वादी की बात चल रही है क्या? होता है. एक उमर के बाद डर लगने लगता है."

अर्जुन आदल्याच मोसमात ब्रेकची तक्रार घेऊन आला होता तेव्हा सबंध गाडी खोलली होती. त्याला कुणी लग्नाचं विचारलं नव्हतं. मी भीतीनं नीट ब्रेक दाबत नाही, असं टीमनं ठरवून टाकलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही रात्री पडल्या पडल्या वाटायला लागलं की खरंच आपण घाबरलो असू.

ब्रेक पत्थरच होता. मऊ झाला होता तो माझा पाय. हे कळायला मला हावडा स्टेशन लागलं. गाडीतून उतरताना उजवा पाय फलाटावर टेकवला आणि गुडघा आपसूक दुमडला. मी बॅगेसकट खाली बसले. बाबा घ्यायला आले होते. ते म्हणाले, "अगं, बघून उतर." मी बघूनच उतरले होते.

डॉक्टर

बेहालातल्या पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी सांगितलं. ते हसून म्हणाले, "रेसिंग? मग पाठ दुखणारच." गोळ्या दिल्या. दुसरे हाडांचे, त्यांनीही तेच म्हटलं आणि शेक सांगितला. तिसऱ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. त्यांच्या मुलाला गाड्यांची आवड होती म्हणे. त्या फोटोत मी भिंतीला टेकून उभी आहे, कारण टेकल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं, आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हसताहेत.

एकानंही विचारलं नाही की ताप येतो का. धंदा ऐकला की त्यांचं निदान तयार. तुम्ही शिवणकाम करत असाल, बँकेत बसत असाल, पोतं उचलत असाल, तुम्हालाही हेच ऐकायला मिळेल. म्हणून सांगते, पाठ आठवडे न् आठवडे दुखत असेल, वजन उतरत असेल आणि संध्याकाळी अंग गरम लागत असेल, तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपण होऊन सांगा. दोनदा सांगा. पाय जड वाटायला लागेपर्यंत थांबू नका.

चौथ्या होत्या एक डॉक्टरबाई. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझा धंदा शेवटी विचारला. आधी विचारलं, "संध्याकाळी ताप येतो?"

"नाही," आई म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलंच नाही. मला टेबलावर पालथं झोपवलं, मणक्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबल्या. मी ओरडले. त्यांनी एमआरआय लिहून दिला, आणि त्याच्या पाठोपाठ सुई घालून मणक्यातला तुकडा तपासायला काढला.

तो तुकडा तपासून येईपर्यंत घरात एकच धास्ती होती, कॅन्सर. आईनं देव पाण्यात घातले. बाबा पेपर उलटा धरून बसायचे. आणि मग रिपोर्ट आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टीबी आहे. औषध आहे. वर्ष-दीड वर्ष लागेल, पण पूर्ण बरी होशील. वेळेत आलात, बहुतेक ऑपरेशनही लागणार नाही."

मी विचारलं, "ब्रेक कधी दाबता येईल?"

बाबांनी विचारलं, "हे कुणाला कळवावं लागतं का?"

आई रडायला लागली. कॅन्सरची वाट बघताना ती रडली नव्हती. बरा होणारा आजार निघाला आणि माझी आई रडायला लागली, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा संताप आला. कॅन्सर निघाला असता तर सगळ्या महाराष्ट्रात फोन गेले असते. सहानुभूती आली असती, डबे आले असते. टीबीला डबा येत नाही.

पाठीवर

पहिले काही आठवडे हॉस्पिटलात. सपाट पडून राहायचं, उशी नाही, उठायचं नाही. कूस बदलायची तर दोन मासी यायच्या. तिथे कामवाल्या बायांना सगळे मासी म्हणतात. एक खांद्याशी, एक कमरेशी, आणि मला ओंडक्यासारखं एका दमात वळवायच्या. ज्या बाईला एका वळणात गाडी कुठे किती सरकेल हे सीटमधून कळतं, तिला आता वळवायला दोन माणसं. पहिल्या दिवशी मी रागानं दातओठ खाल्ले. थोरली मासी म्हणाली, "रागिश ना. राग केलास की अंग ताठ होतं, आम्हाला जड पडतेस." मला हसू आलं. हसल्यावर खरंच अंग सैल पडलं.

औषधांनी लघवी शेंदरी होते. आधी सांगतात, तरी पहिल्यांदा बघताना काळजात चर्र होतं. मळमळ तर पाचवीला पुजलेली. सकाळी गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत माशाचा वासही सहन व्हायचा नाही, आणि बंगाली वॉर्डात दुपारी माशाचा वास नसेल तर त्या दिवशी काहीतरी आक्रीत घडलंय असं समजावं.

शेजारच्या खाटेवर पुतुलदी होती. बागबाजारची, साठीतली, जिन्यावरून पडून खुबा मोडलेला. तिच्याकडे बघायला रोज सात-आठ माणसं यायची आणि आल्याबरोबर विचारायची, कशी पडलीस? ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. एकदा तिनं मला विचारलं, "तोर की होयेछे?" तुला काय झालंय? आई माझ्या पायाशी बसली होती. ती चटकन म्हणाली, "ॲक्सिडेंट." आई गेल्यावर मी पुतुलदीला खरं सांगितलं आणि तिनं खाट लांब सरकवून घेण्याची वाट बघत राहिले. ती म्हणाली, "माझ्या नणंदेला झाला होता ना. मणक्याचाच. आता नाच शिकवते, पोरींच्या पाठीत धपाटे घालते." आणि डब्यातला अर्धा संदेश, ती तिकडची पनीरची मिठाई, कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवला. मळमळत होतं तरी खाल्ला.

माझ्या पाठीमागे केलेला फोन

घरी आले ती कंबरेला कडक पट्टा बांधून. माझ्या खोलीचं दार उघडं असायचं आणि फोन हॉलमध्ये. आई बोलायची ते सगळं मला ऐकू यायचं आणि उठून जाता यायचं नाही.

"हो हो, रेसमध्येच. पाठीला मार बसलाय. काय सांगू तुम्हाला नेनेकाकू, आम्ही आधीपासून नको म्हणत होतो. त्या गाड्याच तसल्या."

ज्या बाईनं माझा पहिला करंडक पुसून पुसून त्याचा मुलामा घालवला, ती सांगत होती की आम्ही आधीपासून नको म्हणत होतो.

मी हाक मारली. ती आत आली. मी म्हटलं, "खोटं का बोलतेस?"

"खोटं काय त्यात? पाठच दुखतेय ना तुझी?"

"आई."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "माझ्या मावशीला झाला होता," ती म्हणाली. "तिचा कप वेगळा होता. तिला हवापालटाला म्हणून मिरजेला नेऊन ठेवलं. बरी झाली, तरी सासरच्यांनी आणलं नाही. आमच्याकडे आली की दारातल्या खुर्चीवर बसायची, आपण होऊन. आत ये म्हटलं तरी यायची नाही. तुला नाही बसू द्यायची मी त्या खुर्चीवर."

  पण माझा राग गेला नाही. मावशीला दारात बसवणाऱ्यांच्या भीतीनं आईनं मला घरातल्या घरात लपवलं होतं, आणि दोष गाडीच्या नावावर लिहिला होता. आमच्या घराला हे फारच सोयीचं पडलं. दुसऱ्या कुणाच्या मुलीला टीबी झाला तर आईबापांना कारण शोधत बसावं लागतं. रेस ड्रायव्हरच्या घरी कारण आधीच तयार असतं, आणि कुणी शंकाही घेत नाही.

टीबीची नोंद सरकारकडे होते आणि चौकशीला बाई घरी येते. चांगली बाई. गोळ्या वेळेवर घेते ना, उलट्या थांबल्या का, विचारायची. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी विचारलं तर आईनं सांगितलं, विम्याची बाई आहे. अपघाताचा विमा. थाप अशी वाढत जाते, तिला खाऊपिऊ घालावं लागतं.

बाबांचं मात्र एक सांगायला हवं. माझ्या गोळ्यांत एक अशी होती की तिनं क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो आणि लाल-हिरवं नीट ओळखू येत नाही. हे डॉक्टरबाईंनी सहज सांगितलं आणि मी हादरले. ट्रॅकवर आमचं सगळं झेंड्यांवर आणि दिव्यांवर चालतं. पाय परत येईल म्हणतात, पण लाल झेंडा दिसला नाही तर? डोळ्यांचे डॉक्टर तपासायचे, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. मग बाबा रोज सकाळी चहानंतर माझ्या पायथ्याशी उभे राहायला लागले. मी एक डोळा झाकायचा आणि त्यांनी एकेक वस्तू वर धरायची.

"हा?"

"लाल."

"आणि हा?"

"हिरवा. आणि बाबा, तो आईचा ब्लाउज आहे. खाली ठेवा."

आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडून बघितलेला माणूस तोंडावरची रेघ न हलवता पुढची वस्तू काढायचा. ते कधीही 'घाबरू नकोस' म्हणाले नाहीत. रोज सकाळी न चुकता आले.

अपघातच बरा

आईची थाप कोलकात्यापुरती राहिली असती तर मी कदाचित दात आवळून सहन केलं असतं. पण ती तोंडातोंडी बदलत दक्षिणेत पोचली. मॅनेजरनं ऐकलं ते असं की गार्गीनं मोसम चालू असताना बेहालातल्या गो-कार्टमध्ये फालतू कसरती केल्या आणि पाठ मोडून घेतली. म्हणजे करार मोडला. माझी जागा एका मुलाला देऊन टाकली.

मी तेव्हा काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालत होते. जिच्यासाठी मी रोज मूठभर गोळ्या गिळत होते ती ही जागा. मी मॅनेजरला फोन केला आणि सगळं सांगितलं. टीबी, मणका, पायातली ताकद, आणि तो ब्रेकही.

तो म्हणाला, "टीबी? हेल्मेट किसी का शेअर तो नहीं किया था ना?"

मी समजावून सांगितलं. तो हं हं करत राहिला. शेवटी म्हणाला, "एक काम करो गार्गी. ॲक्सिडेंट ही रहने दो. ॲक्सिडेंट स्पॉन्सर समझता है. ॲक्सिडेंट के बाद वापस आना, वो तो हीरोवाली बात है. ठीक हो जाओ, फिर टेस्ट का देखेंगे. लेकिन ये दूसरी बात मत बोलना."

म्हणजे पाठ मोडलेली चालेल, पण आजारी पडलेली चालणार नाही. गाडी बेदरकार चालवून स्वतःची हाडं मोडली तर शूर, आणि कुणाच्या तरी खोकल्यातून कधीतरी एक जंतू आत आला तर तोंड दाखवायचं नाही. आई आणि मॅनेजर यांची जन्मात गाठ पडलेली नाही. तरी दोघांचं एकमत.

आणि मी? मी 'ठीक है' म्हटलं. मला ती जागा हवी होती.

दुलालदा

त्यानंतर काही दिवसांनी दुलालदा आले. पहिल्यांदाच. हातात मिठाईचा खोका. हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसले. मी काठी घेऊन बाहेर आले तर ते उठून उभे राहिले, आणि मला ते बघवेना, कारण ते माझ्यासमोर कधी उठत नाहीत. मी त्यांच्यासमोर उठते.

इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले की रविवारचा वर्ग बंद करतोय. मुलं येत नाहीत. पालक म्हणतात, ओई गाडिते मेयेटार पिठ भेंगेछे. त्या गाडीनं त्या मुलीची पाठ मोडली.

"लोकांचं सोड," ते म्हणाले. "मला एक सांग, लेकी. तू सुट्टीत आली होतीस तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, पोरांना दोन फेऱ्या मारून दाखव. कोणत्या गाडीत लागलं तुला? मी सगळ्या सीट उपसून पाहिल्या. एकीचा सांधा जरा हलतो. ती होती का? ती असेल तर माझी चूक. मी तुझ्या आईबाबांची माफी मागायला आलोय."

 या माणसानं मला पट्टा बांधायला शिकवलं, आणि माझा पट्टा स्वतः ओढून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू दिलं नाही. आणि किती महिने तो एकेका सीटखाली वाकून माझी पाठ शोधत होता. मी आईकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी इतक्या रागानं कुणाकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते.

आईनं ट्रे खाली ठेवला. इतकी वर्षं इथे राहून तिचं बंगाली भाजीवाल्यापुरतंच आहे. ती म्हणाली, "दुलालदा, गाडिर दोष नेई. ओर टीबी होयेछे. आमी मिथ्या बोलेछी."

गाडीचा दोष नाही, तिला टीबी झालाय, मी खोटं बोलले.

दुलालदांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "टीबी?" ते म्हणाले. "शुधु टीबी?" नुसता टीबी? आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाबा उठून त्यांच्यापाशी गेले. आईनं चहा ओतला, तो बशीत सांडला, तिनं पुसला नाही. मग ती मला मराठीत म्हणाली, "बघू नकोस अशी. रविवारी मी येते गोदामात. ज्यांना सांगायचं त्यांना मीच सांगते."

आणि ती गेली. मी टेकून बघत होते. पाच-सहा पालक होते. एका बाईनं ऐकल्या ऐकल्या आपल्या मुलीला माझ्यापासून दूर ओढलं. आई तिच्याशी तिथेच भांडली, मोडक्या बंगालीत, मग हिंदीत, मग सरळ मराठीत. ती बाई मुलीला घेऊन निघून गेली. बाकीच्यांतल्या दोघांनी मुलांना गाडीत बसवलं. सगळे बसले असं सांगून मी तुम्हाला बरं वाटून देणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेनेकाकूंनी आईच्या हातची वाटली डाळ घेतली आणि न खाता खुर्चीखाली ठेवली, तेही लिहून ठेवते.

मी मॅनेजरला कळवलं की मी टीबी झाला असंच सांगणार आहे, तो टेस्टला, म्हणजे गाडीत बसवून बघायला, बोलावो न बोलावो. माझ्या फोनवरून मी ते चार ओळींत जाहीर लिहिलंही. दोन मेकॅनिकांनी आणि एका मोटरसायकल रेसरनं मला खाजगीत कळवलं की त्यांनाही झाला होता. तिघांनीही लिहिलं होतं, कुणाला सांगू नकोस.

परत

औषधं संपली. डॉक्टरबाईंनी माझा पाय आपल्या तळहातावर दाबून घेतला आणि खुर्चीसकट मागे सरकल्या. "जा," म्हणाल्या. ट्रॅकच्या डॉक्टरनंही तपासून सही केली. मॅनेजरनं टेस्टला बोलावलं. त्यामागचं औदार्य असं की माझ्या जागी घेतलेल्या मुलानं गाडी दोनदा भिंतीवर घातली होती.

तीच गाडी, तोच मुरुगन, तोच अर्जुन. हेल्मेट घालताना मला भीती वाटली, आणि आता मला ते म्हणायला लाज वाटत नाही. पहिल्या फेरीत हळू गेले. दुसऱ्या फेरीत ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी मी सगळ्या ताकदीनं ब्रेकवर उभी राहिले. पायात ताकद होती, ती मला कमरेपर्यंत जाणवली. आणि पेडल खाली खाली गेलं.

मी पिटमध्ये आले. "ब्रेक मऊ लागतोय."

 मुरुगननं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं माझ्या उजव्या पायाकडे. अर्जुननंही. चार-पाच माणसं उभी होती आणि सगळे माझ्या पायाकडे बघत होते. ब्रेककडे कुणीच बघत नव्हतं.

"गार्गी," मॅनेजर त्याच जुन्या प्रेमळ आवाजात म्हणाला, "थोड़ा रेस्ट कर लो."

"गाडी खोल," मी मुरुगनला म्हटलं. तो हलला नाही. मग मी पट्टे सोडले, बाहेर आले आणि अर्जुनला म्हटलं, "बस."

तो एक फेरी मारून आला. पहिल्या वळणावर गाडी न आवरून बाहेर भरकटलेला मी पाहिला. गाडी थांबवली, हेल्मेटची काच वर केली.

"ब्रेक नहीं है," तो म्हणाला. "स्पंज है."

मुरुगननं पाना घेतला. नळीत हवा राहिली होती. पाच मिनिटांचं काम.

मी टायरांच्या ढिगावर बसून घरी फोन लावला. आई फोनपाशीच बसलेली असणार, पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं? पाय दुखतोय?"

"पाय छान आहे. या वेळी गाडीचाच दोष निघाला."

"मग?"

"मग काय. मी सांगितलं तर कुणाला पटेना. सगळे पाय बघत बसले. अर्जुननं सांगितल्यावर पटलं."

आई म्हणाली, "तो मॅनेजर आहे का तिथे?"

"समोरच उभा आहे."

"फोन दे त्याला."

मी दिला.